मेटालिकाचा 'जस्टिस' आणि साठ मिनिटांच्या कॅसेटने कापलेलं गाणं

जुना_इंदूरकर

मेटालिका या अमेरिकी मेटल बँडचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम गेल्या आठवड्यात सलग ऐकला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यातून एक मत झालंय. ते इथे टाकतो, ज्यांना हाणायचंय त्यांनी हाणा. हा अल्बम आठव्या गाण्यावर संपायला हवा होता. नववं नको.

हे मत हवेतून आलेलं नाही, कॅसेटमधून आलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी बेरीज-वजाबाकी. अल्बम आला ऑगस्ट १९८८ मध्ये. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं. एलपीला दोन तबकड्या लागल्या, इतका लांब. आम्हा रामबागेतल्या पोरांच्या हातात तो यायला ९१ साल उजाडलं. ओरिजिनल कॅसेट मिळणं नशिबाचा भाग होता, म्हणून कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची. राजवाड्यामागच्या गल्लीत एक दुकान होतं. मालकाचा सगळा जीव किशोरकुमारमध्ये, पण काउंटरच्या खाली मुंबईहून आलेल्या इंग्रजी कॅसेटींची एक चळत असायची. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट महाग, शिवाय तिची रीळ पातळ. आमच्या टू-इन-वनमध्ये ती हमखास रोलरला गुंडाळायची आणि मग पेन्सिल घेऊन बसायचं. त्यामुळे साठचीच.

आता बघा. ए बाजूला 'ब्लॅकन्ड', टायटल साँग, 'आय ऑफ द बिहोल्डर' आणि 'वन'. बेरीज तीस मिनिटं आणि वर थोडी. साठच्या कॅसेटला दोन्हीकडे चिमूटभर जास्त रीळ असते, म्हणून 'वन' कसंबसं मावलं. बी बाजूला 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ', 'हार्वेस्टर ऑफ सॉरो', 'द फ्रेड एन्ड्स ऑफ सॅनिटी', 'टू लिव्ह इज टू डाय'. झाली तीस मिनिटं. 'डायर्स ईव्ह' सव्वापाच मिनिटांचं, ते कुठे घालणार? दुकानदाराने अर्धवट भरण्यापेक्षा भरलंच नाही. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने आठ नावं लिहिली, प्रत्येकाला नंबर घातला आणि खाली ठसठशीत रेघ मारली. मला काय माहीत की रेघेखाली अजून कुणी आहे.

तर माझा 'जस्टिस' कायम 'टू लिव्ह इज टू डाय'वर संपला. पावणेदहा मिनिटांचं, जवळपास सगळं वाद्यांचंच. क्लिफ बर्टन, त्यांचा आधीचा बेसिस्ट (खर्जातली बेस गिटार वाजवणारा), २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटून गेला. वय २४. त्याने मागे ठेवलेल्या रिफ्सवर (परत परत येणाऱ्या सुरावटींच्या तुकड्यांवर) हे गाणं बांधलंय. शेवटाकडे गायक-गिटारिस्ट हेटफिल्ड चार ओळी नुसत्या बोलतो, गात नाही. मग सुरुवातीची ॲकॉस्टिक गिटार परत येते, विरते, थोडी कोरी रीळ खरखरते आणि बटण खटकन वर येतं. गावभर भटकून मी त्या बटणाइतका नेमका शेवट दुसऱ्या कुठल्या अल्बमला ऐकला नाही.

नववं गाणं आहे हे बऱ्याच वर्षांनी सीडी घेतली तेव्हा कळलं. गिटार विरते न विरते तोच 'डायर्स ईव्ह' अंगावर धावून येतं. अल्बममधलं सगळ्यात वेगवान गाणं, विषय काय तर आईबापांना जाब: मला जगापासून झाकून ठेवलंत आणि आता हे जग मला सोसत नाही. ड्रमर लार्सचे डबल बेस ड्रम म्हणजे नुसता धुमाकूळ. गाणं वाईट नाही हो. जागा वाईट आहे. अंत्ययात्रेहून परतलेल्या माणसाला दारातच कुणी भांडायला धरावं, तसं होतं.

बाकी ऐकताना जाणवलेलं:

टायटल साँग पावणेदहा मिनिटांचं, आणि बँडलाच मधल्या काळात ते वाजवायचा कंटाळा आला, पुढच्या रांगेतले लोक जांभया द्यायचे म्हणे. मला तेव्हाही लांब वाटलं नाही. त्याचं श्रेय आजोबांना. आमच्या घरी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा (फार संथ लयीतला ताल) रात्री जेवणानंतर लागायचा. सम कधी येणार याची वाट बघत मोठी झालेली पोरं नऊ-दहा मिनिटांना भीत नाहीत. आजोबांनी 'ब्लॅकन्ड' एकदा दारात उभं राहून ऐकलं आणि विचारलं, "हे सगळे एकमेकांवर चिडलेत का?" अंदाज फार चुकला नव्हता.

कारण दुसरी गोष्ट बेस. नाहीच. जेसन न्यूस्टेड नावाचा नवा बेसिस्ट आलाय, वाजवतोय, आणि ऐकू येत नाही. टू-इन-वनवर हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता चांगल्या हेडफोनवर तळघर रिकामं असल्याचं कळतं. २०१८ मध्ये रिमास्टर काढला, तेव्हाही त्यांनी बेस वर आणला नाही. माझ्या मते बरं केलं. तो कोरडा, खडखडीत आवाज म्हणजेच हा अल्बम. गिटारी सुऱ्या परजल्यासारख्या, ड्रम कवायतीसारखे. त्यात ऊब आली तर मी ओळखणार नाही.

बोला.

गराडू_आणि_गिटार

भिया, एक नंबर! वाखू (वाचनखूण) साठवली.

ते दुकान मला वाटतं माहीत आहे. काउंटरवर कायम अगरबत्ती आणि मालक गिऱ्हाइकाला "ये चिल्लाने वाला है, सोच लो" सांगून मगच पैसे घ्यायचा, तेच ना? माझ्या भावाने तिथे 'मास्टर ऑफ पपेट्स' भरून घेतली होती. उरलेल्या जागेत मालकाने स्वतःच्या मर्जीने किशोरचं एक दर्दभरं गाणं टाकून दिलं. आमच्या घरी 'डॅमेज इंक' नंतर थेट किशोर यायचा. आजही 'डॅमेज इंक' संपलं की कान तयार होतात.

साउंडवाला

बेसबद्दल दोन शब्द, कारण धंदा आवाजाचा आहे (लग्नांचे आणि गणपतीचे सिस्टीम लावतो, हसू नका).

बेस गिटारची जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची जाड तार ८२ ला. टू-इन-वनचा तो चार इंची स्पीकर शंभराच्या खाली काही देतच नव्हता. म्हणजे बेस असता तरी तुम्हाला मिळाला नसता. पण कानाची गंमत अशी की वरचे स्वरांश ऐकू आले की खालचा मूळ स्वर मेंदू स्वतः भरून घेतो. तुम्ही तेव्हा जो बेस 'ऐकत' होतात तो तुमच्याच डोक्यात वाजत होता. चांगल्या हेडफोनवर मेंदूला भरायला जागा राहत नाही, म्हणून भोक दिसतं.

आणि नुसता आवाज कमी केलाय असं नाही. हेटफिल्डने गिटारचा मधला पट्टा काढून खालचा एवढा वाढवलाय की बेसची खोली गिटारनेच बळकावली. लार्सच्या किक ड्रमला वरची टकटक फार. न्यूस्टेड पिकने वाजवायचा आणि बहुतेक ठिकाणी गिटारचाच रिफ जसाच्या तसा. दोघे एकाच पट्ट्यात एकच वाजवणार, मग जो मोठा तो राहतो.

बडोद्याचा_बेस

साउंडवाला, शास्त्र मान्य, पण निर्दोष सुटका मान्य नाही.

मी बेस वाजवतो. बडोद्याला कॉलेजात असताना चार पोरांत बेस मला मिळाला कारण गिटारवाले आधीच दोन होते. त्यामुळे न्यूस्टेडबद्दल बोलायचा हक्क राखून ठेवलाय.

१९८७ चं 'गॅरेज डेज' ऐका. तोच न्यूस्टेड, तोच बँड, आधीचंच वर्ष. बेस ढणढणीत ऐकू येतो. मग वर्षभरात काय झालं? 'जस्टिस'चं मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी केलं, बँड तेव्हा अमेरिकेत मॉन्स्टर्स ऑफ रॉकच्या दौऱ्यावर. हेटफिल्ड आणि लार्स शोमधून विमानाने यायचे, रोज तो गदारोळ ऐकून कान बधिर झालेले, आणि हुकूम सोडून परत जायचे. थॉम्पसनने नंतर उघड सांगितलंय की बेस खाली घ्यायला लार्सने लावलं. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन म्हणतो की मूळ बेस ट्रॅक उत्तम होते. म्हणजे वाजवणारा चुकला नव्हता, रेकॉर्डिंगही चुकलं नव्हतं.

मित्र गेला, त्याच्या जागेवर आलेल्या पोराला त्यांनी आधीपासून रॅगिंग केलं होतं, हे त्यांनीच कबूल केलंय. त्याच रागातून बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली गेला असं माझं ठाम मत. धागाकर्त्याला तो कोरडेपणा 'स्टाइल' वाटतो. ज्याचा आवाज पुसला त्याला विचारा.

पुणेरी_रिफ

भावनेच्या भरात एक मुद्दा राहतोय. 'ब्लॅकन्ड'च्या श्रेयात न्यूस्टेडचं नाव आहे. म्हणजे अल्बम उघडतो तो त्याच्या सहभागाच्या गाण्याने. पुसला म्हणणं जरा जास्त होतंय.

आणि धागाकर्ते, गाणं कॅसेटमध्ये मावलं नाही म्हणून ते अल्बममध्ये नको, हा तर्क फक्त इंदुरातच निघू शकतो. ओरिजिनल घ्यायची होती.

गराडू_आणि_गिटार

@पुणेरी_रिफ, तुमच्याकडे ओरिजिनल होती म्हणून तुम्ही एकटेच ऐकत बसलात. आमच्याकडे एका भरलेल्या कॅसेटवर अख्खी गल्ली पोसली जायची. 😀

बडोद्याचा_बेस

@पुणेरी_रिफ, रिफ त्याचा, आणि त्याच गाण्यात त्याचा बेस ऐकू येत नाही. हे जास्त वाईट की कमी?

कोमल_गंधार

मेटल माझा प्रांत नाही. मुलाच्या खोलीतून येतं तेवढंच. पण झुमऱ्याचं वाचून थांबले आणि अल्बम लावून बघितला. गायन शिकवते, त्यामुळे हात आपोआप मात्रा मोजायला लागला. 'ब्लॅकन्ड'मध्ये चाराने मोजत बसलात तर लगेच पडता, मात्रांचा हिशेब सारखा बदलतो. आणि हे सगळं तालमीने आलेलं आहे, अंदाजपंचे नाही. एवढं लक्षात आल्यावर मग आवाजाचा त्रास कमी झाला.

बेस नसल्याचं मलाही जाणवलं. तानपुरा न लावता कुणी जोरदार गात सुटावं तसं वाटलं. स्वर सगळे जागेवर आहेत पण टेकायला काही नाही. अल्बम जर न्याय विकत मिळतो, युद्धात माणूस संपतो, बोलायची मुभा काढून घेतात असल्या विषयांवर असेल, तर टेकायला काही नसणं चालूनही जातं.

आता मुख्य. 'डायर्स ईव्ह' मी दोनदा ऐकलं, ओळी समोर ठेवून. हेटफिल्डचे आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे होते, त्यात औषधोपचार घेत नाहीत. आई कर्करोगाने गेली तेव्हा तो शाळकरी होता. हे मुलाने सांगितलं. मग ते गाणं चिडचिड राहत नाही. आठव्या गाण्यात मित्राचा मृत्यू आहे, तर नवव्यात त्याहून जुना मृत्यू. ते त्याच्याच मागे यायला हवं.

जुना_इंदूरकर, राग मानू नका, पण तुम्हाला हे गाणं आत्ता कापायचंय, आईबापांना जाब विचारणारं. तुमच्या प्रोफाइलवरून वय पन्नासच्या आसपास दिसतं. घरी मोठी होत असलेली मुलं आहेत का?

लसूडियाचा_लांडगा

🍿

जुना_इंदूरकर

@कोमल_गंधार ताई, एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. आणि मानला तुमचा बाण.

तरी बचाव ऐका. मी हे गाणं बाप झाल्यावर कापलं नाही. ते मला कापलेलंच मिळालं, ज्या वयात त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्या वयात. सोळा-सतराव्या वर्षी मी ते ऐकलं असतं तर बहुतेक तेच माझं सगळ्यात आवडतं झालं असतं, दार आपटून रोज लावलं असतं. आता ऐकतो तेव्हा मी आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. गाण्यात बापाला उत्तर द्यायला एकही ओळ दिलेली नाही. पंथाचं प्रकरण मला माहीत होतं, पण दोन मृत्यू एकापाठोपाठ ठेवलेत असं मी बघितलं नव्हतं. तरी म्हणेन, मध्ये थोडा श्वास हवा होता. दोन्हींच्या मध्ये पाच सेकंदांची शांतता द्या, मग मी सही करतो.

@पुणेरी_रिफ, तुमचं मत नोंदवून घेतलं. नव्वदचीच कॅसेट घ्यायला हवी होती असं तुम्ही म्हणता, तर रीळ सोडवायला पुण्याहून याल का?

साउंडवाला

ताईंचं तानपुऱ्याचं अगदी बरोबर. तेच मी हर्ट्झमध्ये सांगत होतो.

नवाकोरा_बी

सगळे काका लोक दिसून राहिलेत, मी २००१ चा. 🙏 (बी म्हणजे बी बाजू, बाकी काही नाही.)

आमच्या वयात ना कॅसेट ना सीडी. मी 'जस्टिस' पहिल्यांदा ऐकला तोच फॅनने बेस वर आणलेला, यूट्यूबवर. २००९ मध्ये मेटालिकाचा गिटार हीरो गेम आला, त्यात काही गाण्यांचे वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक मिळतात, ते काढून लोकांनी स्वतः मिक्स केलं. 'डायर्स ईव्ह'पण त्यात आहे. मग ओरिजिनल ऐकला तर वाटलं माझा इअरफोन खराब झाला. खरंच दुकानात जाऊन आलो.

बेसवाले काका, तो मिक्स ऐका, न्यूस्टेड काय वाजवतोय ते कळतं. साउंडवाल्या काकांचं बरोबर आहे, बराचसा गिटारच्याच मागे आहे. पण गिटार थांबते तिथे तो नाही थांबत, आणि ती जागा भारी आहे.

आणि इंदुरात मेटल फक्त कॅसेटीत होतं असं नका समजू. निकोटीन हा इथलाच बँड, २००६ च्या सुमाराचा. मोठा भाऊ त्यांच्या शोला जायचा, मी लहान म्हणून घरी.

पुणेरी_रिफ

फॅन मिक्स ऐकलेत. दोन-तीन चांगले आहेत, बाकीच्यांनी बेस इतका चढवलाय की गणपतीची मिरवणूक वाटते. (साउंडवाला, तुम्हाला उद्देशून नाही.)

मूळ अल्बमवर माझी खरी तक्रार बेसची नाहीच. 'आय ऑफ द बिहोल्डर'ची आहे. साडेसहा मिनिटं एकाच जागी पाय आपटतं. काही कापायचंच असेल तर ते कापा, दोन बाजूंचा तोलही जमेल आणि कॅसेटमध्ये जागाही होईल.

जुना_इंदूरकर

वा, शेवटी पुणेकर कात्री घेऊन आमच्याच दुकानात आले. पण 'आय ऑफ द बिहोल्डर' ए बाजूला आहे. ते कापून बी बाजूला जागा कशी होणार?

पुणेरी_रिफ

'शॉर्टेस्ट स्ट्रॉ' ए बाजूला घ्यायचं. साडेसहाला साडेसहा. मग बी बाजूला 'डायर्स ईव्ह' आरामात.

गराडू_आणि_गिटार

म्हणजे ए बाजू 'वन'वर न संपता 'शॉर्टेस्ट स्ट्रॉ'वर संपणार? 'वन' झाल्यावर कॅसेट उलटायला उठायचं आणि तेवढ्यात गप्प बसायचं, हा अल्बमचाच भाग आहे. हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गेलेला सैनिक, डोकं आपटून मोर्समध्ये मरण मागणारा. त्याच्या लगेच मागे काही नको. त्याला एक ग्रॅमी मिळालंय, १९९० ला, त्याची तरी लाज ठेवा. आदल्या वर्षी अल्बमला डावलून जेथ्रो टल या रॉक बँडला दिलं होतं, ते आठवून मला अजून हसू येतं.

लसूडियाचा_लांडगा

मी २०११ ला बंगलोरला मेटालिकाच्या शोला होतो, ३० ऑक्टोबर, पॅलेस ग्राउंड्स. दोन दिवस आधी गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झाला होता. आमच्यातले दोघे तिकडची तिकिटं काढून बसलेले, त्यांचं तोंड बघवत नव्हतं. 'वन' वाजवलं. बॉम्ब, आगीचे लोळ, सगळं. आणि बेस! ट्रुहिलो होता, २००३ पासूनचा बेसिस्ट. जे गाणं आपण आयुष्यभर हाडांचं ऐकलं त्याला मांस आलेलं त्या रात्री ऐकलं. छातीत धक्के बसत होते.

तरी घरी येऊन परत ओरिजिनलच लावला. का ते विचारू नका.

'डायर्स ईव्ह' मात्र त्यांनी स्वतःच २००४ पर्यंत स्टेजवर वाजवलं नाही. 'फ्रेड एन्ड्स' पूर्ण वाजायला तर २०१४ उजाडलं. तेव्हा बी बाजूवर फक्त इंदूरच्या दुकानदारानेच अन्याय केला असं काही नाही.

बडोद्याचा_बेस

+१. बी बाजू म्हणजे न्यूस्टेड.

कोमल_गंधार

पाच सेकंदांच्या शांततेवर माझी हरकत नाही. मुलाला विचारलं, तो म्हणाला दोन सेकंद, त्याहून जास्त दिली तर लोक फोन बघतील.

जुना_इंदूरकर

दोनवर तोडपाणी मान्य.

आता कामाचं: माझा टू-इन-वन माळ्यावरून काढलाय, मोटर फिरते, बेल्ट वितळून डांबर झालाय. जेल रोडवर हल्ली सगळे मोबाइलवाले. कॅसेट डेकचा बेल्ट अजून कुठे मिळतो का? आणि हेड घासलंय की नुसतं मळलंय ते कसं ओळखायचं?

साउंडवाला

आधी कापसाला स्पिरिट लावून हेड आणि रोलर दोन्ही पुसा, कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. मग एखादी नको असलेली कॅसेट लावा, 'जस्टिस' नको. आवाज दबका आला आणि पुसूनही सुधारला नाही तर हेडवर नख फिरवून बघा, खाच लागली तर घासलंय.

बेल्टचं माप जुना तुटका असला तरी त्यावरूनच घेतात, फेकू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, माझ्याकडे दोन-तीन मापांचे पडलेत.

गराडू_आणि_गिटार

नको असलेली कॅसेट म्हणून पुणेरींची ओरिजिनल लावा.